मुका लसूण

ताईचं नाक एका दिवसात गेलं नाही. आधी फुलांचा वास गेला. त्याचं तिला काही वाटलं नाही, फुलं हुंगत बसायला तिला वेळ कधी होता? मग साबणाचा गेला. मग एका संध्याकाळी ती गॅसकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसली असताना मागे पातेल्यातलं दूध करपून कोळसा झालं, खोलीत धूर कोंदला, आणि धाकटी बहीण आतून ओरडत आली, "अगं ताई, दूध!" तेव्हा तिला कळलं. ना करपल्याचा वास आला होता, ना धुराचा.

"लक्षच नव्हतं गं," ती म्हणाली आणि पातेलं घासायला बसली. घासता घासता तिने साबणाची वडी नाकाशी नेली. मग फिनेलची बाटली उघडून बघितली. काही नाही. कोरी भिंत हुंगावी तसं.

हे आलं कुठून ते तिला ठाऊक होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिची उभी हयात गेली होती. वरच्या मजल्यांवरच्या चादरी पिशव्यांत बांधून खाली यायच्या, रक्ताच्या वेगळ्या आणि बाकीच्या वेगळ्या. ब्लीचची पिंपं उघडली की डोळ्यांतून धारा लागायच्या, घशात काटे उभे राहायचे. पंखा होता, तो फिरायचाही, पण आतलीच हवा आतल्या आत फिरवायचा. तिथल्या बाया तोंडाला फडकं बांधून काम करायच्या आणि एकमेकींशी खुणांनी बोलायच्या.

पण सांगायचं कुणाला आणि कशाला? लाँड्रीत बोलली असती तर मुकादमबाईने दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती. घरी सांगितलं असतं तर धाकटीने रडून रडून घर डोक्यावर घेतलं असतं. आणि खरं सांगायचं तर कारण वेगळंच होतं. ताईला स्वतःचा थोडा तोरा होता. आयुष्यात तिला मिरवायला फार काही मिळालं नव्हतं. लग्न नाही, दागिना नाही, शिक्षण अर्धवट. पण रानलसूण ओळखावा तर ताईनेच, असं अख्खी इमारत म्हणायची, आणि तो मान तिला सोडवत नव्हता.

शहराच्या कडेला, पाण्याच्या टाक्या ओलांडल्या की नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात कुरण आहे. वरच्या अंगाला कोरडा उतार, त्यावर आखूड गवत आणि दगड. खाली खोलगट, ओलसर जागा, तिला सगळे खळगा म्हणतात. थंडी सरून ऊन जरा तापायला लागलं की त्या खळग्यात रानलसूण उगवतो. लांब, तुळतुळीत, बोटाएवढ्या रुंदीची पानं, एकाला एक चिकटून, इतकी दाट की पाय ठेवायला जागा राहत नाही. पान चोळलं की हाताला दिवसभर लसणाचा घमघमाट.

ताईला हे कुरण आईने दाखवलं होतं. आईवडील एकाच वर्षात पाठोपाठ गेले तेव्हा ताई नुकती शाळा सोडून कामाच्या शोधात होती आणि धाकटीचे दुधाचे दात पडत होते. नातेवाइकांनी दोन दिवस डोळे पुसले आणि आपापल्या वाटा धरल्या. ते पहिलं वर्ष दोघींनी कसं काढलं ते त्यांचं त्यांना माहीत. थंडी सरल्यावर ताई धाकटीचा हात धरून खळग्यात गेली, ओचा भरून पाला आणला आणि मिठाच्या पाण्यात शिजवून तिच्यापुढे ठेवला. धाकटीने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. तेव्हापासून तिला त्या पाल्याचं वेडच लागलं. मोठी झाली, बुटांच्या दुकानात नोकरीला लागली, लग्न झालं, तरी ऊन तापायला लागलं की तिचं सुरू, "ताई, कधी जाणार गं कुरणात?"

आईने पाला दाखवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. वरच्या उतारावर अगदी अशाच पानांचं दुसरं एक झाड येतं. रंग तोच, तुकतुकी तीच. फक्त त्याला वास नाही. लोक त्याला मुका लसूण म्हणतात. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. "पान चोळायचं, वास घ्यायचा, मगच पिशवीत टाकायचं," आई म्हणायची. "कंटाळा करायचा नाही."

ताईने कधी कंटाळा केला नाही. नाक गेल्यावर मात्र तिने मनाशी वेगळा हिशोब मांडला. मुका लसूण उतारावर येतो, खरा लसूण खळग्यात. इतक्या वर्षांत खळग्यात मुक्याचं एक पान दिसलं नव्हतं. मग उताराकडे फिरकायचंच नाही, फक्त खळग्यातच खुडायचं. झालं! त्यात चुकण्यासारखं काय आहे? आजूबाजूला कुणी बाई खुडत असली तर ताई जुन्या सवयीने पान चोळायची, नाकाशी न्यायची, मान डोलवायची. नाटक इतकं छान वठायचं की कधीकधी तिला स्वतःलाच वास आल्यासारखं वाटायचं.

असे दोन हंगाम बिनबोभाट गेले.

घरात माणसं तीन. ताई, धाकटी आणि धाकटीचा नवरा. तो कुलपं दुरुस्त करायचा, बाजारपेठेच्या तोंडाशी त्याची टपरी होती. लग्नात मुलीच्या आईच्या जागी ताईच उभी राहिली होती, म्हणून ती त्याला थट्टेने जावईबापू म्हणायची, आणि तेच नाव कायमचं चिकटलं. माणूस अबोल, पण अधूनमधून एखादा चिमटा काढणारा. रानलसणाला तो शिवायचाही नाही. "मी काय बकरी आहे?" असं म्हणून तो ताट पुढून सरकवायचा आणि धाकटी त्याच्या वाटचाही पाला खुशीने ओढून घ्यायची.

दुसरा हंगाम संपल्यावर नगरपालिकेने कुरणातून पाण्याचा पाइप टाकला. टाक्यांपासून निघून उतार चिरत, खळग्यातून, थेट नदीपर्यंत. वरची माती खाली ओढली, खाली पसरली, पाइप बुजवला आणि माणसं निघून गेली. ताईने नंतर तिथून जाताना ते बघितलं होतं. चर भरून आला होता, नवं गवत धरलं होतं. चला, कुरण वाचलं, असंच तिला वाटलं. मातीबरोबर उतारावरचे कंदही खाली आले असतील, हे तिच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? कंद जमिनीच्या पोटात असतात.

पुढच्या हंगामात एका सुट्टीच्या दिवशी ती खळग्यात गेली. पाला नेहमीपेक्षा जोरात आला होता, विशेषतः भुसभुशीत मातीत. तिने पिशवी गच्च भरली.

संध्याकाळी धाकटीला दुकानातून यायला उशीर झाला. एरवी पाला आणला की निवडणं, चिरणं, फोडणी देणं हे सगळं धाकटीच करायची. "तू दमून आलीस, तू जा अंघोळीला," असं म्हणून ताईला मोरीत पिटाळायची. त्या दिवशी ताई वाट बघून कंटाळली. तिनेच पाला धुतला, बारीक चिरला आणि बटाट्यांबरोबर परतायला टाकला. धाकटी आली ती दारातूनच म्हणाली, "अगं, केलंससुद्धा?" तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. ताईला वाटलं, दमली असेल. मग धाकटी हसली आणि म्हणाली, "काय वास सुटलाय!"

वास सुटलाच होता. पिशवीत बहुतेक पानं खऱ्या लसणाचीच होती.

तिघं जेवायला बसली. जावईबापूंनी नेहमीप्रमाणे नाक मुरडलं. ताईने दोन घास खाल्ले. नाक गेल्यापासून तिच्या जिभेलाही चव उरली नव्हती. जेवण म्हणजे नुसतं चावणं आणि गिळणं. आवडणाऱ्या माणसाने खावं म्हणून तिने आपल्या ताटातला पाला धाकटीच्या ताटात वाढला.

"तुला नको?"

"मी तिथेच कच्चा खाल्ला ढीगभर," ताई म्हणाली. हेही खोटंच.

सकाळी धाकटीला उलट्या सुरू झाल्या. नुसत्या उलट्या नाहीत, दोन्हीकडून सुरू. ताईच्याही पोटात ढवळत होतं, पण तिचं दुपारपर्यंत निवळलं. धाकटीचं काही थांबेना. ओठ सुकले, डोळे खोल गेले. जावईबापूंनी टपरी उघडली नाही. रिक्षा आणली आणि तिघं हॉस्पिटलात आली, ताई जिथे काम करायची त्याच हॉस्पिटलात, पण या वेळी वरच्या मजल्यावर. पलंगावर जी चादर होती तिचा कोपरा ताईने ओळखला. तिथला शिवलेला जोड तिच्याच हातचा होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण नीट विचारत होत्या. "काल काय खाल्लं?"

"बटाटे," ताई म्हणाली. "आणि कुरणातला पाला. रानलसूण."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही स्वतः आणलात? त्याच्यासारखं दिसणारं विषारी झाड असतं. नक्की लसूणच होता ना?"

खरं म्हणजे इथे ताईने बोलायला हवं होतं. चार शब्द. मला वास येत नाही. पण ते शब्द तोंडातून निघाले तर पुढचं सगळं खरं होणार होतं. पाला विषारी असणार, तो तिने आणलेला असणार, चिरलेला, वाढलेला, स्वतःच्या ताटातला उचलून धाकटीच्या ताटात घातलेला असणार.

"लहानपणापासून खुडतेय मी," ती म्हणाली. आवाज चढला होता. "मला शिकवू नका. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल तिने दुकानात."

जावईबापू मध्ये पडले. "ताईंची नजर चुकत नाही हो," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांनी ताईकडे बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. शिळंपाकं बाधलं असेल, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीला बरं वाटायला लागलं. उलट्या थांबल्या. तिने चहा मागितला. ताईच्या जिवात जीव आला. तिने धाकटीचे केस विंचरले. धाकटी डोळे मिटून पडली होती. मध्येच तिने ताईचं मनगट धरलं आणि पुटपुटली, "ताई, मी निवडला नाही गं. राहून गेलं."

"काय निवडला नाहीस?"

"राहून गेलं," ती पुन्हा म्हणाली आणि गुंगीत गेली. ताईला वाटलं, झोपेत बरळतेय.

त्यानंतर थोड्याच वेळात डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती, रक्तातल्या पेशी भराभर कमी होत होत्या. "हे शिळ्या अन्नाने होत नाही," त्या म्हणाल्या. "हे विष आहे. पुन्हा एकदा आठवा. त्या पाल्यात दुसरं काही..."

"नाही म्हटलं ना!" ताई एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली.

मग ती जिना उतरली, दारातून बाहेर पडली आणि तडक कुरणात गेली. चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल तिने हातात घेतली. खळग्यात पोचल्यावर ती गुडघ्यांवर बसली. एक पान तोडलं, चोळलं, नाकाशी धरलं. दुसरं चोळलं. तिसरं. हात हिरवे झाले. तिने पानं नाकपुडीत कोंबली, चावली, थुंकली. काही नाही. जगातली सगळी पानं तिच्यासाठी मुकीच होती.

उताराच्या बाजूला एक गुराखी गाई चारत होता. म्हातारा माणूस, तिला चेहऱ्याने ओळखणारा. ताईने त्याला हाक मारली. त्याच्यापुढे पानांची ओंजळ केली आणि म्हणाली, "काका, जरा हे बघा. यात मुका कुठला आहे?"

त्याने तिच्याकडे चमकून बघितलं. "तुम्ही मला विचारता?"

"सर्दी झालीये मला."

तेव्हासुद्धा ती खोटंच बोलली. का, ते तिला पुढे कित्येकदा विचारूनही सापडलं नाही.

म्हातारा खाली बसला. एकेक पान चोळून हुंगायला लागला. "हा लसूण. हा लसूण. हाही." मग थांबला. "हा मुका. हा मुका." त्याने दोन पानं बाजूला टाकली. "पाइप टाकल्यापासून खाली आलाय तो. माझ्या गाई आता इथल्या मातीवर थांबतच नाहीत. बघा ना, कशा वळसा घालून जातात." आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे. "कुणी खाल्लं तर नाही ना?"

ताई उठली. ती दोन पानं तिने मुठीत घेतली आणि जशी आली तशी परत गेली.

डॉक्टरीणबाई जिन्यातच भेटल्या. ताईने मूठ उघडली. "पाल्यात हे होतं," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली."

डॉक्टरीणबाईंनी पानं कागदात गुंडाळली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "याच्यावर उतारा नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पहिल्या दिवशी कळलं असतं तरी..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. ते वाक्य कसं संपणार होतं, फार फरक पडला नसता की थोडा पडला असता, हे ताईला कधीच कळलं नाही. विचारायची हिंमत तिला झाली नाही, आणि डॉक्टरीणबाईंची पुढे बदली झाली.

धाकटी त्यानंतर नीट बोलली नाही. तिचे केस कंगव्याबरोबर हातात यायला लागले. श्वास जड झाला, मग यंत्राने श्वास दिला, मग एका सकाळी यंत्र बंद केलं. ताई बाजूला उभी होती. जावईबापू पायथ्याशी उभे होते आणि धाकटीच्या पायांवरची चादर सारखी करत होते. नीट असलेली चादर ते पुन्हा पुन्हा सारखी करत होते.

पोलीस येऊन गेले. दोन प्रश्न विचारले, अपघाती मृत्यू म्हणून लिहून घेतलं. इमारतीतल्या बाया आल्या, बसल्या, गेल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण जिन्यात ताई दिसली की बोलणं तुटायचं, आणि तळमजल्यावरच्या बाईने ताईकडून उसनं नेलेलं पीठ न वापरता परत आणून दिलं. "लागलं नाही हो," ती म्हणाली आणि डबा उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

लाँड्रीत ताई परत गेली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी मुकादमबाईला गाठलं. "माझं नाक गेलंय," ती म्हणाली. "इथल्या ब्लीचने. दोन वर्षांपेक्षा जास्त झालं." मशीन जवळच चालू होतं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिला हे बोलावं लागलं. मुकादमबाईने तिच्याकडे बघितलं, मग पिंपांकडे. "नाक गेलं म्हणून हात गेले का?" ती म्हणाली. "जा, वाळवणीच्या खोलीत जा. तिथे वाफ कमी असते." एवढंच. घरी बसवणं नाही, चौकशी नाही. ज्या गोष्टीला ती एवढी घाबरत होती ती गोष्ट इतकी क्षुल्लक होती. दुपारी हातमोजे काढताना इस्त्रीवरची बाई तिच्या कानाशी म्हणाली, "मलाही येत नाही. कधीपासून." आणि तोंडावरचं फडकं वर ओढून पुन्हा कामाला लागली.

घरी दोघंच उरली. ताई आणि जावईबापू. तो आपला चहा आपण करायचा, बाहेर जेवून यायचा. तो तिला टाकून बोलला नाही, त्याने तिला हाकलूनही दिलं नाही. फक्त बोलला नाही. घरात एक कप ठेवल्याचा आवाजही मोठा वाटायचा. ताईला वाटायचं, एकदा ओरडावं त्याने, एखादी वस्तू फेकावी. त्याऐवजी तो तिची चप्पल वाटेत आली तर उचलून बाजूला ठेवायचा.

पावसाळा संपल्यावर ताई एकदा कुरणात गेली. त्या दिवसांत ती कधी तिकडे जात नसे, तेव्हा तिथे खुडण्यासारखं काही नसतं. पण त्या वेळी पायच वळले. मुका लसूण पाला वाळून गेल्यावर फुलतो. पानं नाहीत, देठ नाही, थेट मातीतून वर आलेली जांभळी फुलं. वरच्या उतारावर ती विखुरलेली होती. पण उतारावरून खाली खळग्यात आणि खळग्यातून नदीपर्यंत ती एका सरळ रेषेत उभी होती, पाइप जसा गेला होता तशी. कुणी दोरी धरून लावावीत तशी. आंधळ्यालाही दिसलं असतं. पाइप टाकल्यावर पाला येण्याआधी एकदा, एकदाच, या दिवसांत ती इथे आली असती तर.

दुसऱ्या दिवशी तिने शेजाऱ्याची कुदळ मागून घेतली. फूल दिसेल तिथे खणायला लागली. कंद खोल असतात, हातभर खणावं तेव्हा एक हाती लागतो. पोतं घेऊन ती रोज कामावरून सुटल्यावर जायला लागली. गुराखी लांबून बघायचा. एकदा जवळ येऊन म्हणाला, "बाई, हे संपायचं नाही. एक काढाल, चार राहतील."

"राहू देत," ताई म्हणाली.

एका सुट्टीच्या दिवशी ती खणत असताना कुणीतरी येऊन बाजूला उभं राहिलं. जावईबापू होते. टपरीतली पहार आणली होती. ते शेजारी खणायला लागले. बराच वेळ दोघंही खणत होती. मग ते थांबले आणि पहारीवर हात टेकून म्हणाले, "तुम्हाला वास येत नाही, हे आम्हाला माहीत होतं, ताई."

ताईची कुदळ मातीत तशीच राहिली.

"दूध करपलं तेव्हापासून. ती म्हणाली, ताईला बोलायचं नाही, तिला वाईट वाटेल. तुम्ही पाला आणला की ती तुम्हाला अंघोळीला पाठवायची ना? तेवढ्यात एकेक पान चोळून बघायची. एकेक. मी बघायचो. दोन वर्षं काही निघालं नाही, तरी बघायची."

ताईला आता कळलं, काय निवडायचं राहून गेलं होतं ते.

"त्या दिवशी ती आली तर तुम्ही चिरूनच ठेवला होता," ते म्हणाले. "मला आत येऊन म्हणाली, आता काय करू? ताईने एवढं हौसेने केलंय. आणि खळग्यातलाच तर आहे. मी म्हणालो, मग काय, खा."

"तुम्ही खाल्लं नाहीत." ताईच्या तोंडून शब्द निघून गेले. ते कुठल्या तळातून आले ते तिलाही कळलं नाही.

"मी कधीच खात नाही, ताई." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "पण नको खाऊ, असं तिला म्हणालो नाही. एक शब्द होता. आणि हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तुमच्या बाजूने बोललो. तुमचा मान राखायला. मान!" त्यांनी पहार मातीत एवढ्या जोरात घातली की दगडावर आपटून ठिणगी उडाली.

ताई रडली नाही. तिला म्हणावंसं वाटलं की तुमची काही चूक नाही, पण ते तिला म्हणता येईना, कारण थोडी होती. त्यांनाही तिला तेच म्हणावंसं वाटत असणार, आणि त्यांनाही ते जमलं नाही. अंधार पडायला लागला तसं दोघांनी पोतं उचललं, दोन्ही टोकांना धरून टाक्यांपर्यंत नेलं आणि कचऱ्याच्या पेटीत रिकामं केलं.

नंतर दोघं महिनाभर बरोबर जेवली. ताई भात टाकायची, तो भाजी बाजारातून आणून स्वतः निवडायचा. मग एका दिवशी त्याने सांगितलं की दुसऱ्या शहरात त्याच्या भावाचं दुकान आहे, तिकडे जातो. ताईने अडवलं नाही. त्याने हत्यारं पेटीत भरली, धाकटीचा एक फोटो घेतला, एक ठेवला. निघताना दारात थोडा वेळ उभा राहिला. "घरी कुणी नाही म्हणून जेवण टाळू नका," तो म्हणाला.

पुढच्या थंडीनंतर खळग्यात पाला पुन्हा आला. नगरपालिकेने तिथे एक फलक लावला, तो पहिल्याच वादळात आडवा झाला. ताई सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन उभी राहायची आणि खुडायला आलेल्या बायांना सांगायची, चोळा, वास घ्या, प्रत्येक पानाचा. काही ऐकायच्या. काही म्हणायच्या, आम्हाला कळतं हो. एकीने विचारलं, "तुम्ही का नाही खुडत मग?"

"मला वास येत नाही," ताई म्हणाली. "मी खुडलेल्याने माझी बहीण गेली."

त्या बाईने पिशवी जमिनीवर उलटी केली आणि निघून गेली. बाकीच्या खुडत राहिल्या.

जावईबापूंचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो. बोलायला दोघांकडे फारसं काही नसतं. धंदा कसा आहे, तिकडे हवा कशी आहे, लाँड्रीत नवीन मशीन आलं का. मग विचारायचं संपतं, तरी कुणीच फोन ठेवत नाही. शेवटी तो विचारतो, "जेवलात का?"

"हो," ताई म्हणते.

"काय केलं होतं?"

ती सांगते. भात, डाळ, जे असेल ते. तो ऐकून घेतो, आणि मग फोन ठेवतो.